गंधार चढा लागतोय, हे कुणीतरी सांगायला हवं

अकरा वर्षं मी गंधार, म्हणजे ‘सा रे ग’मधला ग, चढा लावत होते, हवा त्याहून किंचित वर. सातव्या वर्षी मला गाण्याच्या क्लासला घातलं. अठराव्या वर्षापर्यंत दर परीक्षेत पहिला वर्ग, गणेशोत्सवातल्या स्पर्धांची बक्षिसं, आणि घरी पाहुणे आले की ‘एक नाट्यगीत होऊन जाऊ दे’. एवढ्या काळात माझं गाणं तीन शिक्षकांनी, डझनभर परीक्षकांनी आणि सगळ्या गोतावळ्यानं ऐकलं. सगळे छान म्हणाले. मग एकदा वडिलांबरोबर तानपुऱ्याची जवारी काढून घ्यायला, म्हणजे तारांचा नाद मोकळा व्हावा म्हणून त्यांच्याखालची घोडी घासून घ्यायला, मिरजेला गेले. सतारमेकर गल्लीतल्या एका वयस्क कारागिरानं घोडी घासली, तारेखाली दोरा सरकवला, पुन्हा घासली आणि म्हणाला, “गा की जरा, तार कशी बोलतीय बघू.” मी षड्ज लावला, यमन रागाचे चार आलाप घेतले. त्याच्या हातातली कानस थांबली. “बाळ, गंधार पेटीचा लागतोय तुझा. तानपुऱ्यातला ऐक की. तो खाली बोलतोय.”

एवढंच बोलून तो पुन्हा घोडी घासायला लागला. मी मात्र त्या दिवशी परतीच्या एसटीत कुणाशी बोलले नाही.

त्याचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या षड्जाची, तार नीट जुळलेली असेल आणि जवारी मोकळी निघाली असेल, तर त्या एकाच तारेतून षड्जाबरोबर गंधारही कानावर येतो. गाणारे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. पेटीचा गंधार निराळा असतो. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. सप्तकाचे १२०० बारीक भाग, म्हणजे सेंट, धरले, तर पेटीचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर येतो आणि तानपुऱ्यातला ३८६च्या आसपास. फरक १४ सेंटांचा. नाट्यगीताच्या भरात तो कुणाच्या लक्षातही येत नाही. पण यमनमध्ये गंधारावर ठहराव घ्यायचा असतो, तिथे हे १४ सेंट खड्यासारखे लागतात. मी लहानपणापासून पेटीच्या आवाजाला आवाज जुळवून गात आले होते, त्यामुळे माझ्या कानात तोच गंधार ‘बरोबर’ म्हणून बसला होता. तो उखडायला दोन वर्षं लागली. पहाटे पेटी मिटून ठेवायची, नुसता तानपुरा घ्यायचा आणि एक सूर शोधत बसायचं. सापडला म्हणेपर्यंत तो निसटायचा.

बऱ्याच वर्षांनी माझ्या जुन्या शिक्षकांपैकी एकांना मी ही हकीकत सांगितली. ते म्हणाले, “माझ्या लक्षात आलं होतं गं. पण तू इतकं मन लावून गायचीस, की बोलवेना.” त्यांच्या मायेबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. पण आज मी स्वतः पंचवीस वर्षं शिकवते आहे, आणि त्या न बोलण्याला माया म्हणायला माझं मन तयार होत नाही. शिकत्या गायक-वादकाला आपलं नेमकं कुठे चुकतंय हे कळणं हा त्याचा हक्क आहे. ते सांगणं शिकवणाऱ्याच्या आणि परीक्षकाच्या कामातच येतं, मर्जीवर सोडण्यासारखं ते नाही. आज महाराष्ट्रात गल्लोगल्ली क्लास आहेत, परीक्षा आहेत, स्पर्धा आहेत, वाहिन्यांवर गाणारी मुलं आहेत. या सगळ्यात मुलांना गुण मिळतात, टाळ्या मिळतात, प्रमाणपत्रं मिळतात. कानात तेल घालून ऐकलेल्या माणसाचे दोन खरे शब्द मात्र मिळत नाहीत.

हे असं का झालं, याचं कारण मला माणसांच्या भिडस्त स्वभावापेक्षा शिकवण्याच्या बदललेल्या रीतीत दिसतं. गुरूसमोर बसून घेतलेल्या तालमीत ‘अभिप्राय’ नावाची वेगळी गोष्टच नसते. गुरू एक आवर्तन गातो, शिष्य गातो. बरोबर आलं नाही की गुरू तीच जागा पुन्हा गातो, आणि शिष्याला काय ते कळतं. शब्द लागतच नाहीत. मोगूबाई कुर्डीकर बंदिशीचे स्थायी-अंतरा हे दोन भाग दोनदाच गाऊन दाखवत, तिसऱ्यांदा नाही, असं त्यांची मुलगी आणि शिष्या किशोरीताई आमोणकर सांगायच्या. म्हणजे दोन वेळांत जीव ओतून ऐकायचं, आणि आपण गायलेलं समोरची व्यक्ती तितक्याच बारकाईनं ऐकते आहे हे ठाऊक असायचं. दुरुस्ती शिकवण्यातच मुरलेली होती.

मग विष्णु दिगंबर पलुसकर आले. मिरजेतच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेल्या या माणसानं ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, आणि घराण्यांच्या उंबऱ्याआड असलेलं गाणं वर्ग, वही आणि परीक्षा यांच्या वाटेनं सामान्य घरांत आलं. कारकुनाच्या घरातली माझ्यासारखी मुलगी ख्याल शिकू शकली ती या वाटेमुळेच. तिचं ऋण मी कधी विसरणार नाही. पण त्या वाटेवर एक गोष्ट मागे राहिली. आठ-दहा मुलं एकत्र बसून अलंकार म्हणतात तेव्हा एकीचा चढा सूर बाकीच्या आवाजात विरून जातो. पेटी अखंड वाजत असते आणि सगळ्यांना आपल्यामागे ओढत नेते. अभ्यासक्रम आला, पण पूर्वी पद्धतीतच असलेली दुरुस्ती त्याच्याबरोबर आली नाही. आता ती मुद्दाम करावी लागते, वेळ काढून, एकेकाला समोर बसवून, शब्दांत. तशी सोय आपण ना वर्गात ठेवली, ना परीक्षेत.

जुन्या काळी सगळं छान होतं असं मला मुळीच म्हणायचं नाही. ती तालीम किती जणांच्या वाट्याला आली? गुरूनं विद्या हातची राखून ठेवल्याच्या गोष्टी प्रत्येक घराण्यात आहेत. बायकांना तर तालीम मिळवण्यासाठी काय काय सोसावं लागलं, हे मोगूबाईंच्याच आयुष्यात दिसतं. मला तो काळ परत नको आहे. तालमीतला तो कान मात्र आजच्या वर्गात यायला हवा.

‘मुलं स्वतःच स्वतःचं ऐकून सुधारतील, फोन आहेत की हातात,’ असं हल्ली ऐकू येतं. रेकॉर्डिंग करावंच, मी विद्यार्थ्यांकडून करून घेते. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज बाहेरून ऐकू येत नाही. तो हवेतून येतो तसा कवटीच्या हाडांतूनही आतल्या कानापर्यंत पोचतो, म्हणून आपल्याला तो भरीव आणि भारदस्त वाटतो. पहिल्यांदा स्वतःचं ध्वनिमुद्रण ऐकणारा प्रत्येक जण दचकतो तो त्यामुळेच. पण हे झालं आवाजाच्या पोताबद्दल. सुराचं काय? ज्या कानानं चूक घडवली त्याच कानानं ती तपासायची म्हटलं, तर ती सापडणार कशी? माझ्या लहानपणी घरी टेपरेकॉर्डर होता. मी स्वतःला शेकडो वेळा ऐकलं असेल. माझा गंधार मला दरवेळी गोडच वाटला.

सुराची सुई दाखवणारी ॲपही आली आहेत. नवख्याला षड्ज-पंचम पक्के करायला त्यांचा उपयोग होतो. पण दरबारी रागाच्या कोमल गंधारावर आंदोलन, म्हणजे सुराचा संथ झोका, हवंच असतं, तिथे ती सुई थरथरत राहते आणि बिचारं पोर घाबरून सूर स्थिर करतं, म्हणजे दरबारीच घालवून बसतं. भैरव रागाचा कोमल रिषभ डोलत किती खाली जायचा, हे यंत्राला ठाऊक नसतं. सूर कुठे आहे एवढंच ते सांगतं. तो कुठून यायला हवा होता, पुढे कुठे जायचा होता आणि मध्ये श्वास का तुटला, हे कळायला राग जगलेला माणूस लागतो.

असा माणूस आपल्याकडे पूर्वी श्रोत्यांतही बसलेला असायचा. बैठकीतल्या दादेचा मी खूप विचार केला आहे. दाद म्हणजे स्तुती अशी आपली समजूत आहे, पण चांगल्या बैठकीत ती त्याहून फार नेमकी असते. एखादी जागा आली की त्याच क्षणी समोरच्या माणसाचा हात उठतो, एखादा ‘अहाहा’ निघतो, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, चार माना एकदम हलतात. गाणाऱ्याला तिथल्या तिथे कळतं की ही जागा पोचली. आणि जिथे कळत्या माणसांच्या माना स्थिर राहतात, तिथेही काही कळतंच. तरुण गवयासाठी ही केवढी मोठी शाळा होती! आता बहुतेक गाणं सभागृहात अंधारात बसलेल्या लोकांसमोर होतं आणि टाळ्या शेवटी पडतात. शेवटच्या टाळ्या सगळ्या गाण्याला एकाच मापानं मोजतात. क्लासच्या वार्षिक कार्यक्रमात तर प्रत्येक मुलाला सारख्याच टाळ्या, सारखंच प्रमाणपत्र आणि व्हॉट्सॲपवर सारखेच अंगठे. यात प्रेम भरपूर असतं. पण मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, नवव्या मात्रेवरच उचलून फसलेल्या मुलाला त्यातून काय कळावं?

आता दुसऱ्या बाजूबद्दल. खरं बोलण्याच्या नावाखाली आपल्याकडे फार क्रौर्यही झालं आहे आणि त्याबद्दल गप्प राहून हा लेख पुढे नेता येणार नाही. माझ्याबरोबर एक मुलगी शिकत होती. तिला एका शिक्षकांनी सगळ्या वर्गासमोर सांगितलं, “तुझ्या गळ्यात गाणंच नाही.” त्या शिक्षकांना गावात लोक स्पष्टवक्ते म्हणत. तिनं गाणं सोडलं. आजही तिच्या घरी आरती सुरू झाली की ती ओठांतल्या ओठांत पुटपुटते. वर्गात सगळ्यांना काळी पाच या उंच पट्टीत गायला लावत, आणि तिचा आवाज त्याहून खालच्या काळी तीनचा होता. तार सप्तकात ती ताणायची आणि आवाज फुटायचा. खरं वाक्य होतं, ‘तू पट्टी खाली घे.’ तेही चारच शब्दांचं होतं. तेवढं ऐकण्याची आणि सांगण्याची तसदी त्यांनी घेतली नाही, आणि जे सांगितलं ते खोटं होतं. कठोर बोलणं म्हणजे खरं बोलणं, ही गल्लत आपण कधी सोडणार? कुणाच्या गळ्यात गाणं आहे की नाही, हे बाराव्या वर्षी कुणालाही कळत नाही. श्वास कुठे तुटला, हे मात्र ऐकणाऱ्या कुणालाही कळतं.

‘निंदकाचं घर असावं शेजारी’ ही म्हण या संदर्भात नेहमी सांगितली जाते. मला ती इथे लागू पडते असं वाटत नाही. निंदकाला आपल्या चुकीत रस असतो, आपल्या गाण्यात नसतो. तो कारागीर निंदक नव्हता. त्याला तार नीट बोलायला हवी होती आणि माझा गंधार तिच्या आड येत होता.

मानसशास्त्रज्ञ अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ साली अभिप्रायाच्या परिणामांवरचे तोवरच्या संशोधनातले ६०७ निष्कर्ष एकत्र करून तपासले. सरासरीनं पाहता अभिप्रायामुळे काम सुधारतं असं त्यांना आढळलं. पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा ते अभिप्रायानंतर उलट बिघडलेलं होतं! त्यांनी याचा जो उलगडा केला तो प्रत्येक संगीत शिक्षकानं लक्षात ठेवावा असा आहे. अभिप्रायानं माणसाचं लक्ष कामावरून उठून स्वतःवर, ‘मी कसा आहे’ यावर गेलं, की त्याचा उपयोग कमी होत जातो. हे निंदेला लागू आहे तसंच स्तुतीलाही. ‘किती गोड गळा आहे गं’ आणि ‘तुझ्या गळ्यात गाणं नाही’ ही दोन वाक्यं आपल्याला एकमेकांच्या विरुद्ध टोकाची वाटतात. पण दोन्ही गळ्याबद्दल आहेत, गाण्याबद्दल एकही नाही. गोड गळ्याचं कौतुक ऐकत वाढलेली मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. वयात येताना आवाज बदलतो, गोडवा उतरतो, आणि त्यांच्या हाताशी काहीच उरत नाही, कारण दुसऱ्या कशावर काम करायचं हे त्यांना कधी कुणी सांगितलेलंच नसतं.

एक आक्षेप मात्र मला खरोखर वजनदार वाटतो. बरोबर काय, हे ठरवायचं कुणी? किराणा घराण्याच्या माणसाला जो सूर तास-तास न्याहाळावासा वाटतो, तो आग्रा घराण्याच्या माणसाला रेंगाळणं वाटू शकतो. एकाची लयकारी दुसऱ्याला धसमुसळी वाटते. अशा वेळी शिक्षकाचं ‘खरं’ म्हणजे त्याच्या घराण्याची आवड असते, आणि ती मुलाच्या गळी सत्य म्हणून उतरवली जाते. हे घडतं, वारंवार घडतं. पण त्यावर गप्प बसणं हा इलाज होत नाही. सूर उतरला, सम चुकली, शब्द तुटला, या गोष्टी घराण्यावर अवलंबून नाहीत. त्या ठामपणे सांगाव्यात. आणि जिथे आवडीचा प्रश्न आहे तिथे ‘ही माझी आवड आहे, दुसरीकडे हे वेगळं गातात, तेही ऐक’ असं म्हणावं. हे म्हणणंही प्रामाणिकपणाचाच भाग आहे, आणि मला वाटतं, जास्त अवघड भाग आहे.

म्हणूनच विनायकबुवा पटवर्धनांची गोष्ट मला फार मोठी वाटते. गाण्यासाठी घर सोडून हिंडत हिंडत कोवळ्या वयाचा भीमसेन जोशी जालंधरला पोचला होता आणि तिथे पंडित मंगतराम यांच्याकडे शिकत होता. तिथल्या हरिवल्लभ संगीत संमेलनात विनायकबुवांची गाठ पडली. त्यांनी त्याला सांगितलं, की इतक्या दूर काय करतोस, तुझ्या गावाजवळ कुंदगोळला सवाई गंधर्व आहेत, त्यांच्याकडे जा. विनायकबुवा स्वतः ग्वाल्हेर घराण्याचे, पलुसकरांचे शिष्य. १९३२ साली त्यांनी पुण्यात स्वतःचं गांधर्व महाविद्यालय सुरू केलेलं होतं. हुशार मुलगा समोर उभा असताना ‘चल माझ्या शाळेत’ म्हणणं किती सोपं होतं! त्यांनी त्याला दुसऱ्या, किराणा घराण्याकडे पाठवलं. समोरच्या मुलाचं हित आपल्या गोतापेक्षा वर ठेवल्याशिवाय असं वाक्य तोंडातून निघत नाही.

कुमार गंधर्वांचं उदाहरण याच्या शेजारी ठेवून पाहावं. अकरा-बारा वर्षांचा हा मुलगा मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका जशाच्या तशा गाऊन दाखवायचा आणि सभा डोक्यावर घ्यायची. त्या कौतुकाच्या लाटेवर तो आयुष्यभर तरंगत राहिला असता, तर एक चमत्कार म्हणून लोक त्याला आठवत राहिले असते. तो मुंबईला बी. आर. देवधरांकडे राहिला, वर्षानुवर्षं शिकला. देवधरांच्या शाळेत निरनिराळ्या घराण्यांचे गवई येत, त्यांचं गाणं त्याच्या कानावर पडत गेलं. नक्कल हुबेहूब येते ही शाबासकी मागे टाकून आपलं गाणं शोधायला जो अवकाश लागतो, तो टाळ्या वाजवणाऱ्या सभेनं त्याला दिला नसता.

इथे मला माझी स्वतःची एक चूक सांगायची आहे. काही वर्षांपूर्वी एका गावातल्या नाट्यगीत स्पर्धेला मी परीक्षक होते. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, बत्तीस मुलं. सूर, ताल, शब्दोच्चार, भाव, सादरीकरण असे रकाने, प्रत्येकाला वीस गुण. निकाल लागला, छायाचित्रं झाली. मी चप्पल घालत असताना एका मुलाचे वडील जवळ आले. मळलेला पांढरा सदरा, टोपी, शेतावरून थेट आले असावेत. हात जोडून म्हणाले, “ताई, नंबर नाही आला त्याचं काही नाही. पर कमी काय पडलं तेवढं सांगा, म्हणजे त्या हिशोबानं तयारी करतो.” मी कागद काढला. त्यावर बेरीज होती, ६१. तो मुलगा काय गायला, कसा गायला, मला काही म्हणजे काही आठवेना. मी म्हणाले, “छान गातो हो, रियाज चालू ठेवा.” ते समाधानानं गेले. मी त्यांना फसवलं होतं. जे माझ्याबाबतीत अकरा वर्षं झालं, तेच मी त्या मुलाबाबत केलं होतं, आणि तेही पाच मिनिटांचं काम टाळून.

गावातला तो बाप बरोबर होता आणि आमची सगळी व्यवस्था चूक होती. ६१ हा आकडा मुलाला क्रमांकापलीकडे काहीच सांगत नाही. परीक्षांचंही तेच. परीक्षक मुलासमोर वीस मिनिटं बसतो, त्याचं सगळं ऐकतो, आणि मुलाच्या हाती महिन्या-दोन महिन्यांनी एक आकडा पडतो. ऐकताना परीक्षकाला जे जे कळलेलं असतं, ते त्याच्याबरोबर एसटीत बसून परत जातं. केवढी ही नासाडी! शिवाय शास्त्रीय कलांच्या ठरावीक परीक्षा पास झालेल्यांना दहावीला वाढीव गुण मिळतात. त्यामुळे क्लासला येणाऱ्या कित्येक पालकांचा पहिला प्रश्न ‘दहावीपर्यंत किती परीक्षा होतील?’ हाच असतो. मी त्यांना दोष देत नाही. गुणांची सोय झाली म्हणून काही घरांत तानपुरा आला, हेही खरं आहे. पण गाणं आकड्याशी बांधलं गेलं, की आकड्यापलीकडचं कुणी विचारत नाही, आणि विचारत नाही म्हणून कुणी सांगतही नाही.

शिक्षकांची अडचणही समजून घ्यायला हवी. माझं घर फीवर चालतं. ‘तुमची मुलगी दोन वर्षं झाली तरी तालात कच्ची आहे, यंदा परीक्षेला बसवू नका,’ असं सांगितलं की पुढच्या महिन्यात ती मुलगी कोपऱ्यावरच्या दुसऱ्या क्लासला दिसते. हे माझ्या बाबतीत तीनदा झालं आहे. वृत्तपत्रांनीही या बाबतीत आपली जागा सोडली आहे. कधीकाळी केशवराव भोळे ‘एकलव्य’ या नावानं मोठमोठ्या गवयांच्या गाण्याची मराठीत चिकित्सा करत आणि लोक ती आवडीनं वाचत. संगीत अभ्यासक वामनराव देशपांडे, अशोक रानडे यांनी गाण्याबद्दल कसं बोलावं हे आपल्याला शिकवलं. आज कार्यक्रमाची बातमी येते, तिच्यात रसिक मंत्रमुग्ध झालेले असतात, सभागृह खचाखच भरलेलं असतं. तरुण कलाकाराला बातमीत छायाचित्र मिळतं आणि काही शिकायला मिळत नाही. नेमकं बोलण्याची भाषाच हळूहळू आपल्या हातून चालली आहे, आणि मला त्याची खरी भीती वाटते.

ती परत आणता येते, हेही मी पाहिलं आहे, आणि अगदी अनपेक्षित ठिकाणी. २०२०च्या टाळेबंदीपासून माझ्याकडे अमेरिकेतली एक मराठी मुलगी शिकते. व्हिडिओ कॉलवर आवाज मागे-पुढे होतो, त्यामुळे बरोबरीनं गाता येत नाही. तिचा तानपुरा तर ते यंत्र गोंगाट समजून गिळूनच टाकतं. शेवटी आम्ही ठरवलं की तिनं रेकॉर्डिंग पाठवायचं आणि मी लिहून कळवायचं. ‘एक मिनिट चाळीस सेकंदांना निषादावरून षड्जावर येतेस तिथे घाई होते. तिसऱ्या आवर्तनात आकार मिटतो, जबडा सैल सोड.’ लिहायचं म्हटल्यावर मला जास्त नेमकं ऐकावं लागलं. आणि मला कबूल केलं पाहिजे, की समोर बसणाऱ्या मुलांपेक्षा ती वेगानं सुधारली. मग मी इथल्या मुलांनाही महिन्यातून एकदा असं लिहून द्यायला लागले.

शिकणाऱ्यांनाही एक सांगावंसं वाटतं. ‘कसं झालं?’ असं विचारलं की ‘छान’ हेच उत्तर येणार. आपल्या समाजात दुसरं उत्तर उद्धटपणाचं ठरतं. त्याऐवजी विचारा, ‘अंतऱ्यात तार षड्ज पूर्ण लागला का?’, ‘तिसऱ्या तानेत लय पळाली का?’ प्रश्न नेमका असला की भिडस्त माणसालाही खरं बोलायला वाट मिळते. आणि एकाच माणसाला विचारू नका. तबल्याच्या साथीला बसणाऱ्याला विचारा. गवयाची लय कुठे हलते हे त्याच्याइतकं कुणालाच कळत नाही, आणि त्याला कुणी कधी विचारत नाही.

संस्थांकडून माझी मागणी फार मोठी नाही. प्रत्येक परीक्षेच्या गुणपत्रकावर परीक्षकाच्या हातच्या दोन ओळी असाव्यात. एका मुलामागे एक मिनिट धरलं, तर चाळीस मुलांचे चाळीस मिनिटं होतात. त्यासाठी परीक्षकाचं मानधन वाढवावं लागलं तर वाढवा, परीक्षा-शुल्कात दहा-वीस रुपये जास्त घ्या, पालक देतील. स्पर्धांमध्ये परीक्षकांनी स्पर्धकांशी बोलू नये असा नियम आयोजक करतात. निकालापूर्वी तो योग्यच आहे. निकालानंतर तो उठवावा, आणि ज्यांचा क्रमांक आला नाही त्यांच्यासाठी परीक्षकांना अर्धा तास थांबवून घ्यावं. गावोगावच्या संगीत मंडळांनी महिन्यातून एक संध्याकाळ अशी ठेवावी, की एका तरुणानं वीस मिनिटं गावं-वाजवावं आणि चार जाणत्यांनी त्याच्याशी बसून बोलावं. माईक नको, हार नको, प्रमुख पाहुणे नकोत. चहा असावा.

आमच्या तालुक्यातल्या स्पर्धेचं गुणपत्रक यंदा आम्ही बदलून घेतलं. रकाने तेच आहेत, पण खाली दोन रिकाम्या ओळी छापल्या आहेत. पहिल्या ओळीपुढे ‘काय ऐकलं’ आणि दुसरीपुढे ‘पुढच्या सहा महिन्यांत काय करावं’. कागद स्पर्धकाला घरी न्यायला द्यायचा. पहिल्याच दिवशी नऊ वर्षांची एक मुलगी गाऊन गेली. दोन ओळी लिहायला मला तिच्या गाण्याइतकाच वेळ लागला, कारण तीनदा खोडावं लागलं. शेवटी लिहिलं: ‘स्थायी सुरेल आहे. अंतऱ्याच्या आधी श्वास घेत नाहीस, म्हणून वरचा षड्ज पोचायच्या आत आवाज संपतो. दोन मात्रा थांब, पोटापासून श्वास घे, मग उचल. रोज दहा वेळा, पेटीशिवाय.’